टॅबिथाची जबानी

आमच्याकडे कुणी भुताखेताचा विषय काढला की मी चहा टाकायला उठते. तलाठ्याची मुलगी आहे मी. कागदावर असेल ते खरं, नसेल ते नाही, असंच घरात शिकले. त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा माझा नवरा, सुरेश, म्हणाला, "तू? आणि असल्या भुतांच्या गोष्टींच्या ग्रुपवर?" ...पण इतकी वर्षं झाली तरी डोक्यातून जात नाही. म्हणून एकदाच लिहिते.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आम्ही शारजात, रोला भागात राहायचो आणि माझी नोकरी दुबईला, देरात. बांधकामाआधी माती तपासून देणाऱ्या एका छोट्या कन्सल्टन्सीत मी सेक्रेटरी होते. तेव्हा आमचं ऑफिस दोन वेळा भरायचं – दुपारी एक ते चार बंद. बाकीचे घरी जाऊन जेवून, झोपून यायचे. मी शारजाला जाऊन परत येईपर्यंत ट्रॅफिकमध्येच चार वाजले असते, म्हणून ऑफिसातच थांबायचे. डबा खायचा आणि मग विटकम साहेबांचं खाजगी टायपिंग करायचं.

विटकम साहेब आमचे बॉस. अमेरिकन, व्हर्जिनियाचे, साठीला आलेले. बायको वारलेली, मुलगी तिकडे. त्यांना एकच नाद – आपल्या घराण्याचा शोध. अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधी, इंग्रजांच्या राज्यात त्यांचे पूर्वज तिथे शेती करायचे. तिकडच्या कोर्टातून ते जुन्या खरेदीखतांच्या आणि सैन्याच्या हजेरीपटांच्या झेरॉक्स मागवायचे. ते जुनं वळणदार अक्षर त्यांना चष्मा लावूनही लागायचं नाही. मला लागायचं. लहानपणी बाबांच्या कचेरीत बसून जुने फेरफार वाचले होते ना!

"मिसेस सावंत, माणूस कुठे राहिला ते जमिनीचे कागद सांगतात आणि कुठे गेला ते सैन्याचे," साहेब म्हणायचे. (आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मी आपलं मराठीत लिहिते आहे.)

त्यांचा मूळ पुरुष जोसाया. त्याची जमीन सापडली होती. फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत तो दोन हिवाळे एका किल्ल्यावर होता, तो हजेरीपट सापडला होता. परत आल्यावर जमीन विकून तो पश्चिमेकडे गेला, ते खरेदीखतही नुकतंच आलं होतं. फक्त त्याची बायको कुठल्याच कागदात नव्हती. साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर मोठी वंशावळ लावली होती, तिच्यात जोसायाच्या शेजारी पेन्सिलने 'नाव माहीत नाही' एवढंच लिहिलेलं.

जूनमधली दुपार होती. मी ते खरेदीखत टाइप करायला घेतलं. हद्दी, ओढा, अमुक ओकचं झाड, मग साक्षीदार. साडेतीनच्या सुमाराला संपलं. प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि तोंड धुऊन आले. वेगळं काहीही वाटलं नव्हतं. ना थंडी वाजली, ना कसला आवाज आला. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळे हेच विचारतात.

चार वाजता साहेब आले. पाचच मिनिटांत केबिनमधून बाहेर आले, हातात माझा प्रिंट.

"हा शेवटचा परिच्छेद कुठून आला?"

"कागदावरूनच, सर."

"दाखवा."

मी झेरॉक्स उचलली. दोन पानं. दुसऱ्या पानावर साक्षीदारांनी सहीच्या जागी काढलेल्या फुल्या, आणि खाली कोरं. मी ते पान उलटलं, परत सुलटं केलं. प्रिंटवर मात्र साक्षीदारांच्या खाली आणखी सहा-सात ओळी होत्या. जुन्या कोर्टाच्या इंग्रजीत. अर्थ असा – सदर जोसायाची बायको टॅबिथा, हिला नवऱ्यापासून वेगळं नेऊन खाजगीत विचारलं. ती म्हणाली, ही सही मी माझ्या खुशीने करत नाही. नवरा लढाईवर असताना माझी दोन लेकरं गेली. त्यांना मी एकटीने इथल्या मातीत ठेवलं. त्यांना सोडून मला जायचं नाही.

मला आठवत होतं हो, मी ते वाचून टाइप केलं होतं! "सर, इथेच होतं. त्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर शाईचा मोठा डाग होता, म्हणून मला ते दोनदा वाचावं लागलं."

"मिसेस सावंत," ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "मी अकरा वर्षं ह्या बाईचं नाव शोधतोय. तुम्हाला ही गंमत वाटते?"

त्यांनी प्रिंट फाडला, कॉम्प्युटरवरची फाइल माझ्यासमोर डिलीट करायला लावली आणि सगळे कागद कपाटात टाकून कुलूप लावलं.

मी घरी आले ती रडतच. आमची मुलगी म्हणाली, "आई, डिड समवन स्कोल्ड यू?" सुरेशला सगळं सांगितलं. माझा व्हिसा कंपनीचा होता, काढून टाकलं तर काय, ही भीती वेगळीच.

"अगं, डुलकी लागली असेल," सुरेश म्हणाला. "त्यांचे एवढे कागद टाइप केलेस, दुसऱ्या कुठल्यातरी बाईचं डोक्यात राहिलं असेल. उद्या सॉरी म्हण, खलास!"

मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी सॉरी म्हटलं. साहेबांनी मान हलवली, पण त्यांचं खाजगी टायपिंग बंद झालं. एक ते चार मी नुसती बसून राहायचे. जुन्या सगळ्या फाइल्स माझ्या कॉम्प्युटरवर होत्या, त्या एकेक उघडून पाहिल्या. टॅबिथा नावाची बाई एकाही कागदात नव्हती.

सप्टेंबरात पोस्ट बॉक्समधून एक जाड पाकीट आलं. साहेबांनी मला न सांगता तिकडच्या कोर्टाला पत्र टाकलं होतं. तिथल्या क्लार्कने कळवलं होतं – बायकोच्या संमतीची जबानी विक्रीनंतर काही महिन्यांनी घेतली गेली, त्यामुळे ती दुसऱ्या वहीत आहे, सोबत प्रत जोडली आहे.

साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि ती प्रत माझ्यासमोर सरकवली. तेच अक्षर. 'सदर जोसायाची बायको टॅबिथा'. आणि नावाच्या शेवटच्या अक्षरावर शाईचा मोठा डाग.

"वाचा पुढे," ते म्हणाले.

मी वाचलं. नवऱ्यापासून वेगळं नेऊन खाजगीत विचारलं असता ती म्हणाली की ही सही मी राजीखुशीने, नवऱ्याच्या धाकाशिवाय करत आहे आणि जमिनीवरचा माझा हक्क सोडत आहे. खाली तिची फुली. मुलांचा उल्लेख नाही. काहीच नाही.

'राजीखुशीने, अक्कलहुशारीने'... हे शब्द मी लहानपणी किती कागदांवर वाचले होते! त्या संध्याकाळी मी चिपळूणला बाबांना फोन लावला. आमच्या आत्याने भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं, तो कागद बाबांनी स्वतःच लिहिला होता.

"बाबा, आत्या सही करताना काय म्हणाली होती?"

बाबा म्हणाले, "कागदात लिहिलंय तेच." आणि फोन आईकडे दिला.

डिसेंबरच्या सुट्टीत साहेब व्हर्जिनियाला गेले. परत आले ते दुपारी, ऑफिस बंद असताना. मी डबा खात होते. ते समोर खुर्ची ओढून बसले.

"ती जमीन बघून आलो. आता तिथे एक म्हातारा मका लावतो. त्याच्या शेताच्या कोपऱ्यात एक तुकडा आहे, तो कुणीच कधी नांगरला नाही. का, ते त्यालाही माहीत नाही. बापाने सांगितलं होतं म्हणून." त्यांनी हाताने उंची दाखवली. "गवतात दगड आहेत. एवढे एवढे. नाव-बिव काही नाही."

"किती, सर?"

त्यांनी दोन बोटं दाखवली.

साहेब म्हणाले, "मी तुमच्यावर ओरडलो. माफ करा मला." मग म्हणाले, "ते पान मी फाडलं. तुम्हाला आठवत असेल तसं परत टाइप करून द्याल? तिचेच शब्द हवेत मला."

मी डबा बाजूला ठेवला, हात धुतले, कॉम्प्युटर सुरू केला. साहेब मागे उभे. पहिली ओळ आली, कारण ती कोर्टाच्या प्रतीत होती. पुढे... काही नाही. अर्थ पाठ होता, पण शब्द गेले होते. जुनं इंग्रजी मला मनाने लिहिता येतं थोडंच! तासभर बसले. साहेब म्हणाले, "जवळपास जाणारं लिहा."

"नाही सर," मी म्हटलं. "दुसऱ्यांचे शब्द एकदा लिहून झालेत तिच्या नावावर."

केबिनमध्ये जाऊन त्यांनी वंशावळीवरचं 'नाव माहीत नाही' खोडरबरने पुसलं आणि शाईने 'टॅबिथा' लिहिलं. खाली दोन रेघा काढल्या, त्यांच्यापुढे जागा कोरी ठेवली. दोनेक वर्षांनी ते निवृत्त होऊन परत गेले. मग आम्हीही पुण्याला आलो.

सुरेश अजून डुलकीच म्हणतो. ठीक आहे, नाव कुठेतरी वाचलं असेल. पण तो डाग? ते दोन दगड? मी खूप विचार केला, मला उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर जरूर लिहा.

तिच्याच वंशातला माणूस अकरा वर्षं तिचं नाव शोधत होता. त्याला सोडून शारजाहून येणाऱ्या एका परक्या बाईला तिने हे का सांगावं? आणि तेही एकदाच. सांगितलं, कागदावरही आलं... आणि तो कागद आम्ही तासभरही जपला नाही.