कोंबडा नव्हे, भोंगा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, कंपनीतल्या मित्रांना नाही, आणि ज्यांनी माझ्यासाठी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या त्यांना तर मुळीच नाही. काल पहिल्यांदा एका बाईंना सांगितली. त्या कोण, ते येईलच ओघात. आज तुम्हाला सांगतो. आणि गंमत बघा, अजून काही सांगितलंही नाही, तरी छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं वाटतंय.

तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलं असेल. निगडीत, प्राधिकरणात, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत गणपतीला नाहीतर कोजागिरीला मी लोकगीतांचा कार्यक्रम करतो. झब्बा, खांद्यावर उपरणं, हातात डफ. डफ वाजवता येत नाही, पण धरता उत्तम येतो. गातोही बरा. पण गाण्याआधीचा किस्सा—तिथं मला हरवणारा अजून भेटायचाय.

नाद मात्र खरा. आठवडाभर चाकणच्या कंपनीत क्वालिटी खात्यात पार्ट मोजायचे आणि रविवारी गाडीला किक मारून मावळात शिरायचं. कुणाचं भारूड, कुणाचा गोंधळ, भातलावणी करणाऱ्या बायकांच्या ओव्या. एकदा एका म्हाताऱ्या गोंधळ्यानं दुपारभर गाऊन दाखवलं आणि मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायलाच विसरलो. तेवढी एक दुपार मी नुसता ऐकत होतो. अजून आठवते.

आणि एवढं हिंडून सगळ्यात सुंदर गाणं सापडलं कुठं? आमच्याच कंपनीच्या कँटीनमध्ये, चपात्यांच्या खिडकीमागं!

कौसाबाई बीडकडच्या. फर्स्ट शिफ्टच्या आधी मी चहाला गेलो होतो, तर आत लाटण्यांच्या ठेक्यावर त्या गात होत्या आणि बाकीच्या बाया ओळ उचलत होत्या. माझा चहा निवला.

पहाटेचा भोंगा झाला, पीठ परातीत जागं
हजार लेकरांची माय, एका तव्याच्या मागं

पुढं पाच-सहा कडवी, एकाहून एक. मी खिडकीतून डोकं आत घातलं, विचारलं, कुणाचं हो हे गाणं?

"कुनाचं म्हंजी? माजंच. हात चालतेत तवर तोंड चालतंय."

रेकॉर्ड करू का?

"करा की. गानं घेतल्यानं कमी होतंय व्हय?"

म्हणजे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर पुढं मीच स्वतःला सूट देईन.

मग निगडीतला कार्यक्रम आला. माईकसमोर उभा राहिलो आणि तोंडातून काय निघालं? बीडकडच्या एका खेड्यात, ऐंशी वर्षांच्या एका आजींकडून हे गाणं मला मिळालं, किती पिढ्यांचं कोण जाणे. गाऊन झालं, आजींनी डोळे मिटले—आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या. इथं मी थांबलो. खोटं बोलताना कुठं थांबायचं, हे मला उपजतच कळतं. मग टाळ्या. अशा टाळ्या!

आता पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाण्यात कारखान्याचा भोंगा कसा चालेल? मी भोंग्याचा कोंबडा केला. हजार लेकरं म्हणजे लोकमनाचं अफाट मातृत्व, असं समजावून सांगायला लागलो. लोक माना डोलवायचे. अहो, ती हजार लेकरं म्हणजे आम्ही! ताटं घेऊन रांगेत उभी असलेली फर्स्ट शिफ्ट! एका प्राध्यापकांनी आजींच्या गावाचं नाव विचारलं, तर म्हटलं, ते धरणात गेलं. एक खोटं झाकायला अख्खं गाव बुडवलं, राव. शिवाय दर कार्यक्रमाला आजी थोड्या म्हाताऱ्या व्हायच्या. ब्याण्णवपर्यंत आणलं मी त्यांना.

हसताय? मीही हसायचो.

पण आपल्याकडं गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवतो. कौसाबाईंनीही ओवलं होतं. ते कडवं मी गाळलं. का? कँटीनमधल्या बाईचं गाणं म्हटल्यावर लोक कशाला ऐकतील—असं तेव्हा मनाला सांगितलं. खरं कारण निराळं. गाणं त्यांचं ठरलं, तर मी नुसता ऐकणारा. गाणं कुणाचंच नसलं, तर मी शोधून काढणारा.

आणि अजून मुद्द्यावर आलोच नाही. टाळतोय. बरं, घ्या.

दोन वर्षांपूर्वी पिंपळे सौदागरला, एका सोसायटीच्या क्लब हाउसात कार्यक्रम होता. आजींना मारलं, कोंबडा आरवला, टाळ्या झाल्या. आणि तिसऱ्या रांगेतून कौसाबाई उठल्या. लेकीनं तिथंच फ्लॅट घेतला होता, तिच्याकडं आलेल्या. हसत हसत स्टेजपाशी आल्या.

"आवं सायब, पंदरा दिसांतच मारलंत व्हय मला? म्हैनाभर तरी जगू द्यायचं!"

मग हसू जरा आवरून, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आन् माजं नाव कुटं सांडलं?"

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी विचारलं, "या कोण?"

एक वाक्य पुरलं असतं. माईक हातात होता. लोक अजून खुर्च्यांवर होते. मी म्हणालो, "आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये होत्या. गाण्याची आवड आहे त्यांना."

आवड आहे!

कौसाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग सेक्रेटरींकडं वळून म्हणाल्या, "व्हय. आवड हाय थोडी." आणि लेकीचा हात धरून निघून गेल्या.

हे ते. कोंबडा, धरण, ब्याण्णव वर्षांच्या आजी—ते सगळं सांगताना मला मजा येते, लपवत नाही. या एका वाक्याची कधीच आली नाही. आणि त्यानंतर मी कार्यक्रम बंद केला का? छे. त्यानंतरही आजींना मारलं. त्यानंतरही कडवं गाळलं.

काल कौसाबाईंना फोन केला, पहिल्यापासून सांगितलं. म्हटलं, सगळं लिहितोय, छापायला देणार आहे. पलीकडून लाटण्याचा आवाज येत होता.

"लिवा," त्या म्हणाल्या. "पर भोंगा भोंगाच ऱ्हाऊ द्या. आन् आख्खं लिवा." फोन ठेवला.

तर—आजी कुणी नव्हत्या. कुठलंही गाव बुडालेलं नाही. कौसाबाई चाकणला आहेत, ठणठणीत, साठीच्याही अलीकडं. पहाटे भोंगाच होतो. आणि शेवटचं कडवं असं आहे:

कौसा म्हणे गाणं माझं, न्हाई उसनं शेजारचं
मिठासंगं मळलेलं, पीठ माझ्या गं घरचं