दोन्हीकडून दोन बोटं

रोज सकाळी घराबाहेर पडताना मामा डावा पंजा ताणून दाराच्या चौकटीवर टेकवायचा. अंगठा एका खाचेवर, करंगळी दुसरीवर. दोन्ही बरोबर बसली, की हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून निघायचा. घरात मोजायच्या टेप तीन होत्या. पण एका हातानं फळी धरून शिडीवर उभं राहिल्यावर टेप काढायची कुणी, असं त्याचं म्हणणं. त्याची वीत हेच त्याचं माप, आणि माप रोज तपासून घ्यावं लागतं.

"आखडला का हात रात्रीतून?" मामी आतून विचारायची.

"नाही. आहे तेवढाच आहे."

"मग बाजारात गेल्यावर बरा आखडतो!"

मामा सुतार. पंचवीस वर्षं त्यानं दारं, खिडक्या आणि कपाटं केली. मग गावामागच्या डोंगरावर सायकलवाल्यांच्या क्लबनं झाडांमधून उतरत जाणारी वाट पाडली, आणि मधला ओढा ओलांडायला लाकडी पूल हवा म्हणून क्लबचे सेक्रेटरी त्याच्या दुकानात आले. एका पुलावरून चौदा कामं निघाली. उडी घ्यायचे उतार, मधोमध डुगडुगणारी फळी, भिंतीसारखं तिरकं उभं राहिलेलं वळण. मामाला स्वतःला सायकल येत नव्हती. "मला खुर्चीतसुद्धा तोल सांभाळून बसावं लागतं," म्हणायचा. पण लाकडावरून जाताना चाक काय करतं, हे त्याला चालवणाऱ्यांपेक्षा जास्त कळायचं. खिळा वापरायचा नाही. धक्क्यांनी खिळा महिनाभरात डोकं वर काढतो, म्हणून सगळीकडे स्क्रू. दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट, म्हणजे चिखल खाली गळतो. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी वरून ताणून बसवलेली, म्हणजे ओल्या लाकडावर टायर घसरत नाही. खांबांच्या बुडाला डांबर.

त्याचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे उंच पूल. दोन पुरुष उंच, चाळीस पावलं लांब, मध्ये डावीकडे वळणारा, कठडा नसलेला. लांबलांबून माणसं तो बघायला यायची. मामा मात्र त्यांना आधी पुलाच्या अलीकडे न्यायचा. तिथं जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंचीवर एक साधी फळी होती. आठ पावलं लांब, वितीला दोन बोटं कमी एवढी रुंद. पुलावर जायची वाट त्या फळीवरूनच. ज्याला फळीवर चाक सरळ ठेवता येतं, त्याला वरचं वळण घेता येतं. ज्याला येत नाही, तो इथंच गवतात पाय टेकतो आणि बाजूच्या सोप्या वाटेनं खाली जातो. मामा त्या फळीला चाळण म्हणायचा.

"मिस्त्री, निम्मे लोक इथूनच परत फिरतात हो," सेक्रेटरींनी एकदा क्लबच्या सभेत तक्रार केली. "थोडी रुंद केली तर?"

"निम्मे लोक धडधाकट घरी जातात," मामा म्हणाला. "या फळीला हात लावायचा नाही. उद्या मी म्हटलं तरी नाही."

मामी अठ्ठेचाळीसाव्या वर्षी सायकल शिकली. दर रविवारी बायकांच्या गटाबरोबर डोंगरावर जायची, आणि दर रविवारी चाळणीवर अडायची. घरी आल्यावर मामा नुसता भुवया उंचावून विचारायचा.

"काय होणार! कोंडा तो कोंडाच. राहिला चाळणीत."

पहिले काही महिने ती हे हसत सांगायची. मग एका रविवारी तिनं सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "ही देऊन टाका कुणाला तरी. मिस्त्रीणबाईंना मिस्त्रींचीच फळी जमत नाही, असं म्हणतात सगळ्या. खरंच आहे ते." आवाजात रुसवा नव्हता. रुसवा असता तर मामानं तो काढला असता.

पुढच्या बुधवारी तो एकटाच वर गेला. फळीच्या दोन्ही कडांना दोन-दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या जोडल्या. सांध्यात नखसुद्धा अडकू नये, असा जोड. नवं लाकूड उजळ दिसतं, म्हणून गंजके खिळे चार दिवस भिजत घातलेलं पाणी त्यावर फासलं. लाकूड बघता बघता जुन्यासारखं करडं झालं. वरून चिखल चोळला. कुणाला सांगितलं नाही. मामीला तर नाहीच.

रविवारी तिनं फळी पार केली आणि पूलही. घरी आली ती हेल्मेट न काढताच पाण्याचे तीन पेले प्यायली आणि सांगत सुटली. वळणावर झाडांचे शेंडे कसे हाताशी येतात, पट्ट्यांचा तडतडाट पायांतून डोक्यापर्यंत कसा चढतो. "तुम्ही बांधलंय खरं, पण तुम्हाला माहीतच नाही ते काय आहे!" मामा मान डोलावत राहिला. इतकी खूश ती त्याला कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

तिला सवय झाली की पट्ट्या काढून टाकायच्या, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. तिसऱ्या रविवारी चौकातले घड्याळवाले पडले.

घड्याळवाले म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे, पन्नाशीचे, एकटे राहणारे, बारीक अंगाचे गृहस्थ. मामीसारखेच तेही वर्षभर चाळणीवर अडत होते. त्या दिवशी फळी पार झाली तेव्हा ते इतक्या जोरात ओरडले, की खालच्या वाटेवरच्या लोकांनीही ऐकलं. पुलाच्या वळणावर त्यांचं पुढचं चाक कडेवरून घसरलं. खाली झुडपं होती म्हणून जीव वाचला. उजवं मनगट अंगाखाली सापडून तीन ठिकाणी मोडलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी मामाला बरोबर घेऊन पूल तपासला. एकही स्क्रू ढिला नव्हता. "काम पक्कं आहे तुमचं, मिस्त्री. चालवणाऱ्याची चूक," असं म्हणत त्यांनी क्लबच्या वहीत तसं लिहिलं आणि मामाच्या पाठीवर थोपटलं. परत येताना दोघं चाळणीच्या अगदी जवळून गेले. मामानं बोलायला तोंड उघडलं.

"खांबांना डांबर लावायला झालंय," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी तो पुन्हा वर गेला. पट्ट्या काढल्या. स्क्रूची भोकं भुसा आणि डिंक कालवून बुजवली. त्या पट्ट्या त्यानं दुकानामागे जाळल्या. हे मामीनं मला सांगितलं तेव्हा तिला जाळण्याचंच जास्त नवल वाटत होतं. लाकडाचा वीतभर तुकडाही तो कधी टाकायचा नाही.

पुढच्या रविवारी मामी फळीवरून तीनदा खाली आली. चौथ्यांदा ती सायकलवर बसलीच नाही. उकिडवी बसून तिनं फळीच्या कडेवरून बोट फिरवत नेलं. वितीवितीवर बुजवलेलं एकेक भोक. पंचवीस वर्षं ती सुताराच्या घरात होती.

घरी आली तेव्हा मामा करवतीला धार लावत बसला होता.

"किती रुंद केली होती?"

कानस थांबली. "दोन बोटं. दोन्हीकडून."

"माझ्यासाठी?"

"हो."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मी पडले असते म्हणजे?"

मामानं कानस खाली ठेवली. हा विचार त्याला त्या आठवड्यात रोज आला होता आणि रोज त्यानं तो अर्ध्यावर सोडला होता.

"घड्याळवाल्यांना सांगितलंत?" मामीनं विचारलं.

"नाही."

"जा मग."

तो तसाच उठून गेला. अरुंद दुकान, तिन्ही भिंतींवर घड्याळं, त्यातली निम्मी बंद. घड्याळवाले प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवून बसले होते, एखादी दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखे. मामाला बघून तेच आधी म्हणाले, "मिस्त्री, माझ्यामुळे तुमच्या पुलाला उगाच बोल लागला."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"बोटं हलतील म्हणतात. चिमटा धरता येईल का, ते मात्र देवाला ठाऊक आणि मला." त्यांनी डाव्या हातानं थर्मासमधला चहा कपात ओतून मामापुढे सरकवला. थोडा सांडला. "पण एक सांगू? फळी पार केली मी. पूल नाही जमला, ते सोडा. फळी जमली. वर्षभर धडपडत होतो हो. इथं दिवसभर बसून तेच आठवतो, नाहीतर वेड लागायची पाळी आहे."

मामानं चहा संपवला. तो बसला होता ते स्टूल डुगडुगत होतं. उठताना त्यानं पुठ्ठ्याची घडी करून त्याच्या पायाखाली सारली, आणि घरी आला.

"सांगितलंत?"

"नाही. त्यांच्याकडे आता तेवढंच आहे गं."

"आणि माझ्याकडे होतं ते?"

मामीनं पुन्हा कधी विचारलं नाही. रविवारी सायकल काढून ती वर जात राहिली. सात महिन्यांनी तिनं ती अरुंद फळी पार केली, पूलही. घरी येऊन म्हणाली, "झाली," आणि भाजी चिरायला बसली.

घड्याळवाले वर्षभरानं पुन्हा डोंगरावर यायला लागले. त्यांचं मनगट पुरतं वळायचं नाही. दर रविवारी ते चाळणीवर यायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच गवतात उतरायचे. मामा काही ना काही दुरुस्ती काढून तिथंच असायचा. "एकदा जमली होती हो," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "हा हात गेला, तसा तोलच गेला." मामा मान खाली घालून आवळलेलाच स्क्रू पुन्हा आवळायचा. घरी अर्ध्या ताटावरून उठायचा.

सहाव्या रविवारी घड्याळवाले पुन्हा उतरले आणि त्यांनी सगळ्यांदेखत त्या हाताला एक सणसणीत शिवी हासडली. मग डाव्या हाताची मूठ वळून आपल्याच मनगटावर मारली, दोनदा. मामा उठून त्यांच्यापाशी गेला.

"हाताचा दोष नाही तुमच्या," तो म्हणाला. "ही फळी तेव्हा एवढी नव्हती."

"म्हणजे?"

"चार बोटं जास्त रुंद होती. मी केली होती. हिला जमावी म्हणून. कुणाला कळू नये म्हणून रंगही मारला होता. तुम्ही पडलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी जोडलेल्या पट्ट्या काढून टाकल्या."

मागे चार-पाच सायकली येऊन थांबल्या होत्या. कुणी घंटी वाजवली नाही. घड्याळवाल्यांनी आधी फळीकडे बघितलं, मग मामाकडे.

"म्हणजे ही मी कधी पार केलीच नाही?"

"नाही."

"तुम्ही दुकानात आला होतात."

"आलो होतो."

"मी तुम्हाला चहा दिला होता," घड्याळवाले म्हणाले. "या डाव्या हातानं."

सायकल हातात धरून ते चालत खाली उतरले. डोंगरावर परत कधी आले नाहीत.

मामानं त्याच दिवशी सेक्रेटरींकडून क्लबची वही मागून घेतली. 'चालवणाऱ्याची चूक' असं जिथं लिहिलं होतं, त्याखाली सुतारी पेन्सिलीनं लिहिलं : फळी रुंद केली होती, चूक सुताराची. सेक्रेटरी चार महिने त्याच्याशी बोलले नाहीत. मग पुलाच्या दोन पट्ट्या कुजल्या, तेव्हा बोलवायला आले. मामा गेला. काम केलं, पण लांबून आलेल्यांना हात धरून काही दाखवायला न्यायचं त्यानं बंद केलं.

त्याच वर्षी त्याचं मनगटी घड्याळ बंद पडलं. वडिलांचं होतं, चावीचं. बसस्टँडजवळ घड्याळ दुरुस्तीचं दुसरं मोठं दुकान होतं; मामा चौकातल्या दुकानात गेला. घड्याळवाल्यांनी घड्याळ घेतलं, चिठ्ठी फाडली, चार दिवसांनी या म्हणाले. चार दिवसांनी घड्याळ चालू झालं होतं, पण सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत दहा मिनिटं मागं पडायचं. हात अजून बसला नव्हता की राग गेला नव्हता, हे मामानं कधी विचारलं नाही.

"दुसरीकडे दाखवा की," मामी म्हणायची.

"त्यांनी दुरुस्त केलंय."

दर वर्षी एकदा तो ते साफ करायला त्याच दुकानात द्यायचा, आणि ते तसंच, दहा मिनिटं मागं पडणारं परत यायचं.

"चालतंय ना?" घड्याळवाले न बघता विचारायचे.

"चालतंय."

अकरा वर्षं दोघांमध्ये एवढंच बोलणं झालं.

गेल्या वर्षी मामा गेला. अचानकच. त्या संध्याकाळी तो डोंगरावरून आला, दारातल्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. मामीच्या हाताला पीठ लागलेलं होतं, तिनं आतून विचारलं, "अहो, किती वाजले?"

मामानं मनगट उजेडाकडे वळवलं.

"सात दहा," म्हणाला. "तू वीस धर."