उंदरांनी न खाल्लेला शालू
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला नागपूरचा जुन्या कपड्यांचा बाजार आठवतो. नागपूर तेव्हा आमच्या जुन्या प्रांताची राजधानी, आणि तिथे दिलेल्या नणंदेला भेटायला मी सासूबाईंबरोबर अमडापूरहून गेले होते. थंडी फार, म्हणून अंगावर घ्यायला काही गरम शोधत असताना एका दुकानात दोरीवर माझाच लग्नातला शालू लटकलेला दिसला. पदराच्या कोपऱ्यात आईने मारलेले हिरव्या दोऱ्याचे टाके मी बोटांनी चाचपले. हा शालू उंदरांनी खाल्ला, असे सासूबाईंनी मला सांगितले होते. "लोकाच्या कपड्याले हात काऊन लावून राह्यली?" त्या ओरडल्या. दुकानदार हसला. "बाई, मांगच्या खेपेले तुम्हीच तं देऊन गेल्या होत्या हा!" सासूबाई जराही वरमल्या नाहीत. "मंग? माह्या घरात आलं ते माह्यं." मी त्यांच्या खांद्यावरची काश्मिरी शाल ओढली आणि दुकानदारापुढे टाकली. "हिच्या बदल्यात शालू देता का?" "हाव, घ्या," तो म्हणाला. परतीच्या गाडीत मलकापूरला उतरेपर्यंत त्या कुडकुडत होत्या आणि मी शालू अंगाभोवती लपेटून समोर बसले होते. त्यानंतर मरेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आता मी स्वतः सासू आहे, पण त्यांच्या त्या कुडकुडण्याचे मला आजही वाईट वाटत नाही.