गेल्या आठवड्यात काय काम केलंत?

त्या वर्षी दिवाळीनंतर मी रोह्यात एक खोली भाड्याने घेतली. पुण्यात ज्या संस्थेत मी नोकरी करते, तिथे आम्ही राष्ट्रीय पाहण्यांच्या आकड्यांवरून खेड्यातल्या रोजगाराचा अभ्यास करतो. कोण शेतीतून बाहेर पडलं, कोण पगारावर लागलं, बायकांचं कोणतं काम काम म्हणून धरलं जातं आणि कोणतं नाही, हे सगळं मी इतकी वर्षं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच पाहत आले होते. प्रश्न विचारले जातात तेव्हा समोरचा माणूस नेमकं काय बोलतो, ते एकदा कानांनी ऐकावं म्हणून मी परवानगी काढून आले होते.

माझ्याबरोबर असायचे पाहणीचे एक अन्वेषक, मूळचे रोह्याचेच. पन्नाशीचा, शांत, सावध माणूस. निवडलेल्या घरात ते महिन्यातून एकदा जायचे आणि सलग चार महिने तेच प्रश्न विचारायचे. मी फक्त शेजारी बसायचं, मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं होतं.

त्यातलं एक घर खाडीकडच्या गावात होतं. रोह्याहून गाडीने कासूला उतरायचं आणि तिथून मिनीडोर रिक्षाने पुढे. डांबरी रस्ता संपला की दोन्हीकडे सपाट भातशेती आणि तिच्या टोकाला मातीचा लांबलचक बांध. बांधापलीकडे खाडी. भरतीच्या वेळी पलीकडचं पाणी अलीकडच्या शेतापेक्षा उंच असतं, हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी जागीच थांबले. अन्वेषकांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

घरात तिघंच. तिशी-पस्तिशीची सून, तिचा नवरा आणि सासरा. नवरा रोह्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे लागला होता, त्यामुळे तो आम्हाला कधी भेटलाच नाही. कायम शिफ्टला. अंगणात भात झोडून झालं होतं आणि सगळीकडे पेंढ्याचा वास होता.

"गेल्या आठवड्यात तुम्ही काय काम केलंत?" अन्वेषकांनी विचारलं.

"भात झोडला. मंग घरचंच." ती म्हणाली. "आन् बांदावर फिरलो, मी नि आमचा म्हातारा."

"फिरलात म्हणजे?"

"बगायला. खेकडं बिळं करतात बांदाला. बीळ दिसला की चिखल दाबायचा. नायतर उधानाचं पानी आत यील ना."

"पैसे मिळतात त्याचे?"

ती हसली. "कोन देनार? आपलाच बांद."

अन्वेषकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला. सासरा ओटीवर बसून ऐकत होता. उंच, वाकलेला, पायांच्या भेगांत वाळलेला चिखल. निघताना तो मला म्हणाला, "आदी बांदाला आख्खा गाव लोटायचा, बाय. आता पोरं समदी कंपनीत. बांद बगायला आमी चार म्हातारं नि ह्या बाया."

मला त्या वाक्याने रात्रभर छळलं. माझ्या तक्त्यांत तीच पोरं 'नियमित पगारी' या रकान्यात जाऊन बसत होती, आणि तो रकाना फुगला की आम्ही त्याला प्रगती म्हणत होतो. प्रगती ती होतीच. नवऱ्याच्या पगारातून घरावर नवे पत्रे आले होते. पण बांधावरून किती हात उठून गेले, ते कुठल्याच रकान्यात येत नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात गेलो तेव्हा शेतांमध्ये लाल टोकाच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. कुणी ठोकल्या ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पांढऱ्या गाडीतून माणसं आली होती, चहासुद्धा न घेता निघून गेली, एवढंच. त्यानंतर दोन दिवस आकाशात काहीतरी घोंघावत होतं म्हणे.

मिनीडोरमधून उतरलो तर चारपाच माणसं वाट अडवून उभी राहिली.

"तुमीच ना ते? मागं इचारून गेलेलं?" त्यातल्या एकाने विचारलं. "कोन काय करतो, कोनाचा पोटपानी कशावर. तुमी गेल्याव लगेच खुंट्या कश्या आल्या?"

अन्वेषकांनी ओळखपत्र दाखवलं. ही देशभराची पाहणी आहे, जमिनीशी तिचा काही संबंध नाही, माहिती कुणालाही दिली जात नाही, असं समजावून सांगितलं. मलाही ते सगळं खरं ठाऊक होतं. तरी त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघताना मला ते म्हणता येईना. तेवढ्यात सून मागून आली.

"माज्या घरी आलीत ती. वाट सोडा."

माणसं बाजूला झाली, पण आमच्या मागोमाग अंगणापर्यंत आली आणि प्रश्न संपेपर्यंत कुंपणाशी उभी राहिली. त्या दिवशी तिने सगळी उत्तरं दबक्या आवाजात दिली. परतताना अन्वेषक म्हणाले, "मॅडम, वीस वर्षांत कुत्री मागे लागली, दारं तोंडावर बंद झाली. पण माणसं अशी गप्प कधी उभी राहिली नव्हती."

तिसऱ्या वेळी आम्ही पोचलो ती माघातली पौर्णिमा होती. दुपार चढत होती. तिकडे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची भरती भर दुपारी येते. सून ओटीवर बसून उत्तरं देत होती, पण तिचा कान बाहेर होता. दोनदा उठून ती पडवीच्या टोकाशी जाऊन आली. सासरा सकाळपासून बांधावरच होता.

"गेल्या आठवड्यात..." अन्वेषकांनी सुरुवात केली आणि बाहेरून आरोळी आली.

"खांड! खांड गेली!"

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. ती बसल्या जागेवरून उठली, घमेलं उचललं आणि धावत सुटली. शेजारच्या बायका, म्हातारे, सगळे धावले. आम्हीही गेलो.

बांध बैलगाडी जाईल एवढा फुटला होता. त्यातून आत येणारं पाणी तपकिरी, जाड आणि घाईत असल्यासारखं होतं. बायका चिखलाची घमेली ओतत होत्या आणि पाणी ती ओतताक्षणी नेत होतं. कुणीतरी पेंढ्याचे भारे आणले. भारे अडवून धरायला कुणीतरी पाण्यात उभं राहायला हवं होतं. तिथे एकही तरणा पुरुष नव्हता. सासरा उतरला.

"दादा, नका जाव!" सून ओरडली.

तो छातीइतक्या पाण्यात उभा राहिला, पाठीने भारा रेटून धरला. थोडा वेळ पाणी खरंच कमी झाल्यासारखं वाटलं. मग त्याच्या बाजूची माती बसली आणि तो दिसेनासा झाला. मी आयुष्यात एवढी किंचाळले नव्हते. शेतात बऱ्याच आत, एका खुंटीला धरून तो वर आला. दोन म्हाताऱ्यांनी आणि अन्वेषकांनी त्याला ओढून काढलं. तो खोकत होता आणि नाकातोंडातून चिखल येत होता.

संध्याकाळपर्यंत शेतं राहिली नव्हती. सगळीकडे पाणी चकाकत होतं, आणि गावचं गोडं तळं त्याच पाण्याखाली गेलं होतं.

त्या संध्याकाळी देवळापाशी लोक बोलत होते. एक जण म्हणाला, खेकड्यांनी पोखरलं असणार. दुसऱ्याने विडी विझवली. मग म्हणाला, "काल सांजच्याला म्या बगलंय तिथं. बीळ नव्हता. आन् खेकड्याच्या हातात फावडा नसतो." तेवढ्यावर लोक उठले. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही.

चौथ्या महिन्यात, होळीनंतर, आम्ही शेवटचे गेलो. शेतांवर पांढरा खार फुलला होता. ओटीवर कुणी नव्हतं. सून आतून आली.

"घरात माणसं किती?" अन्वेषकांना हा प्रश्न विचारावाच लागतो.

"एक कमी झाला," ती म्हणाली.

पेणच्या डॉक्टरांनी सासऱ्याच्या छातीत पाणी झालंय म्हणून सांगितलं होतं. पंधरवडाभर तो अंथरुणावर होता. भरतीची वेळ झाली की उठून बसायचा आणि बांधाकडे जायला निघायचा. मग तेही थांबलं.

अन्वेषकांनी पेन खाली ठेवलं. शेवटी तीच म्हणाली, "इचारा की पुडचं."

"गेल्या आठवड्यात काय काम केलंत?"

"हमरापूरला जातो. गणपतीच्या कारखान्यात. मूर्ती घासायच्या, अस्तराचा रंग द्यायचा. रोजावर."

हे उत्तर मात्र सरळ रकान्यात बसणारं होतं. पूर्वी तिचं बांधावरचं काम कुठे बसेना. आता ती रीतसर कामकरी बाई झाली होती.

पुण्याला परतल्यावर मी बैठकीत हे सगळं मांडलं. एका गावावरून काही म्हणता येत नाही, असं वरिष्ठ म्हणाले, आणि शास्त्र म्हणून ते बरोबरच होते. त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. नवे आकडे आले तेव्हा खेड्यातल्या बायका अधिक संख्येने पगारी कामात येताहेत, असं वाक्य आमच्या अहवालात पहिल्याच पानावर होतं. ते मीच लिहिलं होतं. त्याखाली मी खारभूमीबद्दल, म्हणजे अशा बांधांमागच्या शेतीबद्दल, एक परिच्छेद जोडला. छापताना तो परिशिष्टात गेला, पण राहिला.

पावसाळ्यानंतर मी एकटीच गेले. पाहणीसाठी नव्हे, तिला भेटायला. जिथे भात असायचं तिथे खाऱ्या चिखलातल्या तिवरांची गुडघाभर रोपं उगवली होती. आजूबाजूच्या दोन्ही घरांनी जमीन विकली होती. पांढरी गाडी आता दर आठवड्याला येत होती. माणसं चहाही घेत होती.

"तुम्ही काय ठरवलंय?" मी विचारलं.

"नवरा म्हनतो देऊन टाकू, रोह्याला खोली घेऊ. मी नाय म्हनतो." ती घरामागच्या आतल्या बांधाकडे बघत होती. तो जुना होता, कमरेएवढा, कित्येक वर्षांत कुणी डागडुजी न केलेला. आता खाडी आणि घर यांच्यामध्ये तेवढाच उरला होता. "अमावाश्येला नि पुनवेला उधान असतं, कामाव जात नाय मी. खाडा पडतो. पन कोनीतरी हवा ना इथं."

बोलता बोलता ती चालू लागली आणि मी तिच्या मागून. पाणी चढत होतं, अजिबात आवाज न करता. एके ठिकाणी बांधाची माती ओली दिसली. ती वाकली, हाताने चाचपलं आणि तळव्याने चिखल दाबू लागली. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसले.

"तिथं नाय, बाय," ती म्हणाली. "जरा खाली दाब. तिथनं येतंय."