पाडव्याची गुढी आन गच्चीवरचा डबा

हसायचं न्हाई, आधीच सांगतो. चहा सांडला तर दुसरा मिळणार न्हाई. आता काय सांगू, औंदाच्या पाडव्याला मी जो घोळ घातला, तो ऐकून तुमी मला पारावर बसू देणार न्हाई. पर सांगितल्याबिगर मलाबी राहवंना.

आमचं गाव उंब्रजच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या खोबणीत. फोनची रेंज म्हणाल तर देवळाच्या पायरीवर, तीबी एकच काडी. म्हणून आमच्या संदीपनं बदलीवर जायच्या आधी गच्चीवर फाइव्ह-जीचा डबा बसवून घेतला. रस्ता खोदायला नको, केबल वढायला नको. लोखंडी पाइपावर पांढरा डबा, त्याचं तोंड खिंडीतनं दिसणाऱ्या टॉवरकडं, की झालं. घरात वायफाय असं पळतंय म्हणता!

संदीप फौजेत, पार तिकडं बर्फात. लेक झाली तवा तो तिकडंच हुता, नुसतं फोटो बघितल्यालं. बारसं पाडव्यालाच धरलं. त्याच्या साहेबांनी अकरा वाजता व्हिडिओ कॉलला अर्धा तास दिला. "आबा, बाकी काय बी नको, तेवढं नेट बघा," म्हणला. म्हणलं, फौजेत वायरलेसवर जिंदगी काढली मी, मला शिकवतो व्हय रं?

सकाळी गुढी उभारायची हुती. आता गुढी कशी, गावात सगळ्यात उंच दिसाय पायजे का नको? आन गच्चीवर सगळ्यात उंच काय? त्यो पाइप! लावला कळक त्याला, आवळली दोरी. मधी एक नट आडवा येत हुता, तो सैल केला. वर जरीची साडी, साखरंची माळ, तांब्या. खाली येऊन आल्यागेल्याला बोट करून दाखवली.

अकरा वाजाय आले आन नेट गेलं. फोनवर नुसतं गोल गोल फिरतंय. सूनबाई, कोमल, पोरीला नटवून पाळण्यापाशी बसल्याली. तिचं तोंड एवढंसं झालं. मी घरातलं वायफायचं यंत्र बंद केलं, चालू केलं, फुंकर मारली. शेवटी देवळाकडं पळालो आन पायरीवरनं कंपनीला फोन लावला.

तिकडनं एक पोरगं लय गोडीत म्हणलं, "सर, बाहेरच्या बॉक्सची दिशा बदलली आहे का?"

माझं डोस्कंच सटाकलं. म्हणलं, "तुझा जन्म व्हायच्या आधीपासनं वायरलेस चालवतोय मी. तुमचा टॉवर वाकडा झालाय, तो सरळ करा." पायरीवरची माणसंबी माना हलवाय लागली. मलाबी जोर चढला. म्हणलं, आमचं घर हितनं दिसतंय, डबा कसा ताठ उभा हाय…

आन बघितलं. साडीत वारं भरल्यालं, गुढीनं अख्खा पाइप फिरवल्याला. डब्याची पाठ टॉवरकडं आन तोंड आमच्या उसाकडं! फोन ठेवला आन पळत सुटलो.

गच्चीवर जाऊन पाइप फिरवला. खालनं कोमल म्हणली, "आलं!" हात सोडला, वाऱ्यानं पाइप पुन्ना फिरला. "गेलं!" नट कुठं पडला हुता कुणास ठाऊक. गुढी सोडाय गेलो, तर आमची मंडळी जिन्यातनं म्हणली, "दिस कलल्याबिगर गुढी उतरवायची न्हाई. नातीचा पहिला पाडवा हाय."

मग काय करता? मारली पाइपाला मिठी आन राहिलो उनात उभा.

खाली पाळणा सुरू झाला. माझी लेक सुनीता, लोणंदला दिल्याली, ती पोरीची आत्या. तिनं नाव मनात धरल्यालं, कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. बायकांची गाणी, हशा, टाळ्या. तेवढ्यात फोनातनं संदीप हसलेला ऐकू आला, आन हसता हसता रडलेला बी. माझ्या डोळ्याला पाणी आलं, पर पुसायला हात कुठं मोकळा? मी वरनं वरडतोय, नाव काय ठेवलं गं? त्या गलक्यात आजोबाला कोण इचारतंय!

कॉल संपत आला तशी कोमल फोन घेऊन वर आली. मी पाइपाला चिकटल्याला, डोक्यावर कडुलिंबाचा पाला. संदीप म्हणला, "आबा, नाव आवडलं का?"

म्हणलं, "लय आवडलं गड्या. पर ठेवलंय काय?"

पोरगं पोट धरून हसलं आन म्हणलं, "आबा, ईश्वरी."

बघा आता. खालच्या खोलीतनं गच्चीवर यायला माझ्या नातीचं नाव हिमालयातनं फिरून आलं.