छावणीला द्यायचं पुडकं

दहा तास! पोरीनं तिकीट काढून पाठवलं तेव्हाच मी फोनवर तिच्यावर खेकसलो होतो. जर्मनीहून मुंबईला यायचं, तर मधे आखातातल्या एका विमानतळावर दहा तास बसून राहायचं, ही काय चेष्टा आहे का? सकाळी आठला उतरायचं आणि संध्याकाळी सहाला पुढचं विमान. "बाबा, तिथं बघण्यासारखं लई आहे, मजेत वेळ जाईल," ती म्हणाली. एस.टी. स्टँडवर अर्धा तास गाडी लेट झाली तरी माझं डोकं फिरतं, आणि हिला मजा सुचतीय.

उतरलो आणि बायकोशी पहिलं भांडण झालं ते बसण्यावरून. तिला लांबच्या काचेजवळ बसायचं होतं. "तिकडं कुठं मरायला चाललीस, बस की इथंच गप," मी म्हणालो. आमचा सगळा संसार मुकुंदवाडीत, रेल्वे रुळापासून हाकेवर. गाडीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची खोड काही विमानतळावर सुटत नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं. निळे कपडे घातलेला, चाळिशीतला एक सफाई कामगार हातात फरशी पुसायचा दांडा धरून उभा होता.

"औरंगाबादके क्या चचा?"

"हौ. तुला काय माहीत?"

"अशा आवाजात बायकोवर दुसरं कोण वरडतंय इथं?" तो चक्क मराठीत म्हणाला. बायको इतकी खूश झाली की माझा अपमान झालाय हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

त्यानं नाव सांगितलं. तो आमच्याच औरंगाबादच्या छावणीचा, म्हणजे कॅन्टोन्मेंटातला. नऊ वर्षं झाली तिथं झाडूपोछा करतोय, म्हणाला. घरी एकटी आई. त्यानं आम्हाला एका मिनिटात चचा-चाची करून टाकलं, आणि आमच्या दहा तासांचा ताबा घेतला. "दस घंटे क्या चीज है चाची, कम पडेंगे तुमको!" प्यायचं गरम पाणी कुठल्या नळाला येतं, पाय लांब करून झोपायच्या खुर्च्या कुठल्या खोलीत असतात, आतल्या आत फुकट फिरणारी रेल्वे कुठून पकडायची, हे सगळं त्यानं सांगितलं. वर, पाय सुजले तर कुठल्या कोपऱ्यात चप्पल काढून बसलं तरी कुणी हटकत नाही, तेही दाखवलं.

मग काय विचारता! त्या रेल्वेत आम्ही तीनदा बसलो. काचेच्या छताखाली खरी झाडं लावलेली होती, त्यांच्यात बायकोनं पंधरा मिनिटं पानं चाचपून ती खरीच असल्याची खात्री करून घेतली. झोपायच्या खुर्चीवर मी असा घोरलो म्हणे की शेजारचा गोरा उठून गेला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण आम्ही दोघं असं बिनकामाचं फिरलो नव्हतो. हे सुख त्या माणसामुळं मिळालं, हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहायला हात आखडतोय.

दुपारी त्याची जेवणाची सुट्टी झाली. प्रवाशांबरोबर बसायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून तो खांबाआड उभा राहिला. बायकोनं पोरीच्या घरून करून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी त्याच्या हातावर ठेवली. तो उभ्या उभ्या चार धपाटे खाऊन गेला. खाताना एकदा डोळे पुसले आणि चटणी तिखट आहे म्हणाला. चटणी तिखट नव्हती.

मला तेव्हा काय चेव आला कोण जाणे, मी त्याला आमच्या आजोबांची गोष्ट सांगितली. अठ्ठेचाळीस साली, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत आमच्या गावातलं एक मुसलमान कुटुंब आजोबांनी कडब्याच्या गंजीआड आठ दिवस लपवलं होतं, त्याची. ही गोष्ट मी ऑफिसात, लग्नांत, जिथं संधी मिळेल तिथं सांगत आलोय. जणू गंज मीच रचली होती. "आपल्याकडं हे असं आहे बघ," मी छाती फुगवून म्हणालो. तो मान हलवत राहिला. बायको म्हणाली, "पुरे आता, त्याची सुट्टी संपायची."

जाता जाता तो घुटमळला. "चचा, एक काम था. नक्को तो नक्को बोलो." मग लॉकरमधून एक पुडकं घेऊन आला. वीतभर रुंद, पांढऱ्या मांजरपाटात चारी बाजूंनी निळ्या दोऱ्यानं शिवलेलं, वर बॉलपेननं छावणीचा पत्ता. आईच्या गुडघ्यांसाठी लोकरीचे पट्टे, एक शाल आणि मलमाची डबी. आईला गुडघ्यांमुळं जमिनीवर बसता येत नव्हतं, नमाज खुर्चीवर बसून पढावी लागायची, त्याचं तिला लई वाईट वाटायचं. औरंगाबादला जाणारं कुणी भेटेल म्हणून चार महिने ते पुडकं त्याच्या लॉकरमध्ये पडून होतं. थंडी तोंडावर आली होती.

"खोल के देख लो चचा. सुई-धागा है मेरे पास, मैं फिर सी देता."

इथंच माझं चुकलं. गाववाल्यानं विश्वासानं दिलेली वस्तू त्याच्यासमोर उसवून बघायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं, हे आमच्याकडं लहानपणापासून अंगात मुरलेलं. शिवाय आत्ताच आजोबांची गंज सांगून झाली होती. "अरे, काय बोलतोस! आपल्या माणसाचं पुडकं उघडून बघायचं? शोभतं का?" मी म्हणालो आणि ते थाटात बॅगेत टाकलं. तो हात जोडून गेला. त्याला साडेपाचपर्यंत त्याच बाजूला काम होतं.

अर्ध्या तासानं घोषणा झाली. ती सकाळपासून दर अर्ध्या तासानं होतच होती, पण आता ती मला ऐकू आली. अनोळखी व्यक्तीनं दिलेली कुठलीही वस्तू जवळ बाळगू नका. झालं! डबीत खरंच मलम असेल कशावरून? पकडलं तर इथल्या तुरुंगात सडून मरू, ही बाई एकटी कुठं जाईल? पेन्शनीतला माणूस, आयुष्यभर पाटबंधारे खात्यात फाईलवर सही करताना दहादा विचार केला, आणि इथं एका पोछेवाल्याचं ऐकून फसलो! सुई-धागा आहे म्हणाला, म्हणजे त्याला आधीपासून सवयच असणार.

भीती खोटी नव्हती. पण ती कुठून आली तेही सांगून टाकतो. त्याचं नाव ऐकलं होतं, आईची नमाज ऐकली होती. नाव दुसरं असतं, तर मी त्या घोषणेकडं लक्ष दिलं असतं का? तेव्हा मी स्वतःला हे विचारलं नाही. आज विचारतो.

उठून त्याला शोधायचं, "बाबा, मला भीती वाटतीय, उसव आणि दाखव," एवढं म्हणायचं होतं. दहा पावलांवर असेल तो. पण थाटात बोललेलं गिळावं लागलं असतं. बायको बाथरूमला गेली होती. मी पुडकं काढलं, इकडं तिकडं बघितलं, आणि पाणी प्यायच्या नळाशेजारी कचऱ्याचा डबा होता त्यात टाकलं. वर दोन कॉफीचे कागदी कप होते, ते हातानं त्याच्यावर ओढले. तोंड धुतलं. बायको आली तिला म्हणालो, "पुडकं परत देऊन आलो त्याला. आपलं वजन जास्त होतंय."

"अहो, एवढंसं होतं ते!" ती म्हणाली. "माझी एक साडी काढून टाकली असती." मी तिच्यावर ओरडलो. खोटं बोललं की मी ओरडतोच, हे तिला अजून कळलेलं नाही.

पाच वाजता आम्ही रांगेत उभे राहिलो, तर समोरून तो गाडा ढकलत येताना दिसला. गाड्यावर काळ्या पिशव्या लटकत होत्या. कचऱ्याचे डबे हाच रिकामे करतो, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. इतका वेळ आलंच नव्हतं! तो हसत हात हलवत होता. त्याला काही माहीत नव्हतं. मी मान खाली घालून पासपोर्टाची पानं उलटू लागलो, आणि बायको तिच्या खणखणीत आवाजात बोलली, "बेटा, राग मानू नको हं! वजन जास्त झालं म्हणून ह्यांनी पुडकं तुला परत दिलं. माझा जीव लागून राहिलाय बघ त्यात!"

तो थांबला. तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी वर बघितलं नाही, पण त्यानं बघितलं ते मला कळलं. मग त्यानं गाड्यावरच्या पिशव्यांकडं बघितलं. फार वेळ नाही, एखादा श्वास घेऊन सोडावा एवढाच.

"हौ चाची," तो म्हणाला. "मिल गया मेरेकु. तुम आराम से जाव."

तीन-साडेतीन तासांच्या त्या विमानात मी एक घोट पाणी प्यायलो नाही. त्यानं त्या संध्याकाळी किती पिशव्या उपसल्या असतील, हातमोजे घालून की तसाच, हे डोळ्यांपुढून जाईना. बायको शेजारी ढाराढूर झोपली होती.

घरी आल्यावर ती माझ्या मागंच लागली. त्याच्या आईला भेटून येऊ, त्यानं आपलं एवढं केलं, पत्ता मला पाठ आहे. मी आज गुडघा दुखतो म्हणालो, उद्या पेन्शनीचं काम आहे म्हणालो. संक्रांत झाल्यावर ती एक दिवस तिळाचे लाडू डब्यात भरून रिक्षात जाऊन बसली. म्हणाली, "येताय का मी एकटी जाऊ?" एकटी जाऊ देणं परवडणारं नव्हतं. तिथं काय उघड होईल याची धास्ती होती. बघा, तेव्हाही मला धास्ती माझीच होती.

छावणीतलं दोन खोल्यांचं घर. आई खुर्चीवर बसली होती, सत्तरीची, अंगानं बारीक. साडीच्या काठाखालून गुडघ्यांवरचे लोकरीचे पट्टे डोकावत होते.

"बेटा सब बताया मेरेकु," ती म्हणाली. "चचा का वजन ज्यादा होगया था, इसके वास्ते मैंच वापस लिया बोल्या. फिर एक दोस्त के हात भेजा. तुम लोगां दिल को नक्को लगा लेव."

बायकोनं माझ्याकडं समाधानानं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. तिथल्या फळीवर औषधाच्या बाटल्या होत्या आणि बाटल्यांखाली तो मांजरपाट अंथरलेला होता. निळ्या दोऱ्याची भोकं तशीच. पत्ता पुसट झालेला, आणि पत्त्यावर हाताच्या तळव्याएवढा तपकिरी डाग.

मी बघतोय म्हणून आई म्हणाली, "कित्ता धोई, गया नहीं. रास्ते में लगा होयेंगा."

तिनं फोन लावला. आम्ही आलोय हे त्याला कळायलाच हवं, असं तिला वाटलं. पडद्यावर तो दिसला, त्याच निळ्या कपड्यांत. आधी चाचीशी बोलला, धपाट्यांची आठवण काढली. मग बायकोनं फोन माझ्या हातात दिला.

माफ कर, एवढे दोन शब्द होते. जिभेवर आलेले. पण एका बाजूला त्याची आई बसली होती, दुसऱ्या बाजूला माझी बायको, आणि दोघींना त्यानं जे सांगून ठेवलं होतं ते माझ्या दोन शब्दांनी मोडलं असतं. माफी मागायची वाटसुद्धा मी ठेवली नव्हती.

"हौ बेटा," मी म्हणालो. "त्या दिवशी वजन लई झालं होतं."

"होता चचा," तो म्हणाला. "चाय पी के जाव."

आईनं स्वतः उठून चहा केला. मी नको म्हणालो नाही.