शांतेचा चाकांचा पाट

शांतेचे धाकटे दीर सकाळच्या एसटीने अकोल्याहून आले, तेव्हा मी अंगणात डाळ पाखडत होते. ते पायरीवर बसले, पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "वहिनी गेली." चार दिवसांचा ताप आला होता, एवढंच त्यांना सांगता आलं. मी सूप भिंतीला टेकवलं आणि त्यांच्याबरोबरच निघाले... त्याला आता दीड महिना झाला. शांतेबद्दल चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

अमरावतीला आमची माहेरं भिंतीला भिंत लागून. तिचे आबा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनमध्ये मिस्त्री होते आणि भंगारातली झिजलेली बेरिंगं घरी आणून ठेवत. चौथीनंतर आम्हा दोघींची शाळा सुटली. त्या उन्हाळ्यात शांतेने जेवायच्या पाटांतला एक पाट उचलला, त्याखाली दोन दांडे ठोकले आणि त्यांच्या टोकांना चार बेरिंगं बसवली. कापसाचा हंगाम संपून जिन बंद झालेलं होतं. गाठी चढवायच्या धक्क्याला सिमेंटचा गुळगुळीत उतार होता, तिथे आमची गाडी. वस्तीतली पोरं असल्या गाड्या बसून चालवत. शांता परकर खोचून पाटावर उभी राहायची. ढकलायचं काम माझं.

"काहून भेतं वं? दे ना जोरानं. पडन तं मी पडन."

आणि पडलीही. डावा हात कोपरात मोडला, तो जरा वाकडाच बसला. हात गळ्यात बांधलेला असतानाही संध्याकाळी ती डोक्याच्या तेलाचं बोट चारही चाकांना लावायची, एकेक चाक फिरवून कान जवळ न्यायची. "ऐक. खडा नाही. गाऊन राह्यलं."

त्या वाकड्या हाताने पुढे तिच्या आईला घोर लावला. अकोल्याचे पाहुणे शांतेला पाहायला आले, तेव्हा आईने मला आधीच बजावलं होतं, "कोणी इचारलं तं विहिरीवर घसरली सांगजो." मुलाच्या मामांनी नेमकं मलाच विचारलं. मी मान खाली घालून सांगितलं, विहिरीवर घसरली. तर पाटावर बसलेली शांता म्हणते, "खोटं सांगून राह्यली ते. मी गाडीवरून पडली. माह्या सोताच्या गाडीवरून."

आईच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. मला वाटलं, संपलं. मुलगा तेलाच्या गिरणीत मिस्त्री होता. इतका वेळ तो जमिनीकडे बघत बसला होता, त्याने मान वर केली. "बेरिंग जुनं होतं काय?"

"जुनंच. आबा भंगारातून आणत."

"मंग बरोबर. जुनं बेरिंग अडकते मधातच."

मामा हसले, म्हणाले, "झालं, भेटला याले याच्या जोडीचा मिस्त्री." लग्न ठरलं. सासरी जाताना शांतेने तो पाट भांड्यांच्या पेटाऱ्यावर बांधून नेला.

सासरी मग दोन-दोन वर्षं पाट खाटेखाली पडून राही. मुलगी झाली, घर झालं, सासूबाईंची आजारपणं झाली. मी अकोल्याला गेले की मात्र तो बाहेर निघायचा. गिरणीच्या मागच्या फरशीवर, नऊवारीचा काष्टा घट्ट करून ती उभी राहायची, मी ढकलायची. उतरली की दर वेळी तेच विचारायची.

"सुमे, तू कवा बसशीन?"

"पुढच्या खेपेले."

"तुही पुढची खेप येईलोक म्हातारी होईन मी."

म्हातारी झाली नाही... तेरवीच्या दिवशी पंगतीला पाट कमी पडले. सासूबाई म्हणाल्या, "तो खाटेखालचा काढा. चाकं उखडून मांडा खाली." दीर हातोडी घेऊन आले. मी त्या घरात कधी मोठ्याने पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. मी म्हणाले, "चाकं काढू नका. मी भुईवर बसते." सगळे माझ्याकडे बघायला लागले. शांतेच्या मालकांनी दिराच्या हातून हातोडी घेतली आणि पाट माझ्यासमोर आणून ठेवला. "घेऊन जा ताई. तिनं तुमच्यासाठीच ठेवला असन."

परतीच्या एसटीत पाट मांडीवर होता. कंडक्टरने विचारलं, "हे काय होय बाई?" पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, पाट आहे. मी म्हणाले, "गाडी होय. माह्या मैत्रिणीची."

आता तो आमच्या दाराआड उभा असतो. माहेरच्या त्या जिनचा हंगाम संपत आलाय. गाठी उचलल्या की उतार मोकळा होईल, तेव्हा मी बसणार आहे. ढकलायला आमच्या मालकांना सांगितलंय. ते हसले नाहीत, फक्त विचारलं, "जोरानं का हळू?" जोरानं, म्हटलं. आज चारही चाकांना तेल दिलं आणि एकेक फिरवून कान लावला. तिसऱ्यात खडा होता, तो काढला.